आतल्या कानाला रक्त कमी पडतंय? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कानात वाजणाऱ्या शिटीबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, पण त्यानंतर जे मेल आले त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा दिसलं, "आतल्या कानाला रक्तपुरवठा कमी पडतोय असं सांगितलंय." कुणाला ऐकू कमी येतं म्हणून सांगितलं, कुणाला चक्कर येते म्हणून, कुणाचा कान वाजतो म्हणून. तर यावेळचं सदर सगळं त्यावरच. नावं गाळलीयेत आणि लांबलचक मेल जरा आटोपते केलेत.

प्रश्न : वय ५४. डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं आणि कान वाजतो. कानाचा पडदा नॉर्मल, मळ नाही. रक्तपुरवठा कमी आहे म्हणून गोळ्या सुरू आहेत. मी मानेची डॉपलर सोनोग्राफी पण करून घेतली, ती नॉर्मल आली. मग रक्त कुठे कमी पडतंय?

बरोबर जागी बोट ठेवलंत. हे बऱ्याचदा निदान नसतं, अंदाज असतो, आणि तो अंदाज तपासून बघायची सोय साध्या ओपीडीत नसते.

आपल्याला दिसतो तो कान, म्हणजे पाळी आणि बाहेरची नळी, त्याला रक्त येतं कॅरोटिड धमनीच्या बाहेरच्या फांदीतून, तीच ती मानेत बाजूला बोट ठेवलं की उडताना लागते. आतल्या कानाचं घराणंच वेगळं आहे. मानेच्या मणक्यांमधून दोन व्हर्टिब्रल धमन्या वर चढतात, कवटीत शिरल्यावर एकत्र येऊन त्यांची एक बॅसिलर धमनी होते, तिची एक फांदी छोट्या मेंदूकडे जाते आणि बहुतेकांमध्ये त्या फांदीला एक बारीक फाटा फुटतो तो लॅबिरिंथाइन धमनीचा (काहींमध्ये तो थेट बॅसिलरमधूनच निघतो). हा फाटा ऐकण्याच्या नसेच्या सोबतीने हाडातल्या बोगद्यातून आत जातो आणि ऐकण्याचा भाग म्हणजे कॉक्लिया आणि तोल सांभाळणारा भाग अशा दोन्हींना रक्त देतो. गल्लीच्या अगदी टोकाच्या घराला एकच पाइपलाइन असावी तसं हे आहे, ती बंद पडली तर शेजारून जोडून घेण्यासारखी दुसरी लाइन जवळजवळ नाहीच.

तुमच्या डॉपलरमध्ये मुख्यतः कॅरोटिड बघितल्या जातात, व्हर्टिब्रलचा थोडा भाग दिसतो. लॅबिरिंथाइन धमनी त्यात दिसतच नाही, ती इतकी बारीक आणि इतकी आत आहे. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आतल्या कानाचं रक्त ठीक असं नाही म्हणता येणार आणि कमी आहे असंही नाही. ५४ व्या वर्षी दोन्ही कानांचं ऐकणं हळूहळू सारखंच कमी होत असेल तर त्याला वय आणि वर्षानुवर्षांचा आवाज ही साधी कारणं असतात, पण तुमचं फक्त डाव्याच कानाचं आहे. एकाच बाजूला ऐकू कमी येणं आणि त्याच बाजूचा कान वाजणं असेल तर मी ऑडिओग्रामनंतर (म्हणजे ऐकण्याच्या तपासणीनंतर) एमआरआयला पाठवतो, नसेवर छोटी, कॅन्सर नसलेली गाठ आहे का ते बघायला. बहुतेकांना नसते. पण रक्तपुरवठा म्हणून गोळ्या चालू ठेवून ते न बघणं मला पटत नाही.

प्रश्न : मी बारावीला बायोलॉजी शिकवते. वर्गात एका मुलाने विचारलं की कानातल्या हेअर सेलना (आवाज टिपणाऱ्या, टोकावर केस असलेल्या पेशींना) ऑक्सिजन कोण देतं, कारण पुस्तकातल्या आकृतीत तिथे रक्तवाहिनीच दाखवलेली नाही. आकृती अपुरी आहे का?

आकृती बरोबर आहे! त्या मुलाचं कौतुक करा माझ्याकडून.

अल्फोन्सो कॉर्टी या इटालियन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये ऐकण्याच्या ज्या भागाचं वर्णन केलं, ज्याला आपण ऑर्गन ऑफ कॉर्टी म्हणतो, तिथे हेअर सेलच्या लगत रक्तवाहिन्या नाहीत. ऑक्सिजन आजूबाजूच्या केशवाहिन्यांमधून बाहेर पडतो, कानातल्या द्रवात विरघळतो आणि पाझरत पाझरत त्या पेशींपर्यंत पोचतो. हे असं का, तर याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण मला स्वतःला फार आवडतं : हेअर सेल इतक्या बारीक हालचाली टिपतात की अगदी शेजारून रक्त धडधडत गेलं असतं तर आपल्याला दिवसरात्र आपलीच नाडी ऐकू आली असती. म्हणजे शांततेसाठी रक्त लांब ठेवलंय, आणि त्याची किंमत म्हणून पुरवठा जरा ताणलेला.

आता खरा खर्च कुठे होतो ते सांगा मुलांना. कॉक्लियाच्या बाहेरच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली एक पट्टी असते, तिचं नावच स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस. ती काय करते तर मधल्या पोकळीतल्या द्रवात सतत पोटॅशियम पंप करत राहते. शरीरात पेशींच्या बाहेर एरवी सोडियम जास्त असतं आणि पोटॅशियम कमी, इथे बरोब्बर उलटं. त्यातून त्या द्रवात साधारण ८० ते १०० मिलिव्होल्टचा धन विद्युतदाब तयार होतो. आवाज आला की हेअर सेलच्या टोकावरचे केस वाकतात, दारं उघडतात आणि त्या दाबामुळे पोटॅशियम धाडकन आत शिरतं, तोच ऐकण्याचा सिग्नल. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी हा दाब १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजला होता, पुढे १९६१ मध्ये त्यांना कॉक्लियावरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

हे पंप अखंड चालतात, तुम्ही झोपलात तरी, खोलीत चिडीचूप असलं तरी. प्राण्यांवरच्या प्रयोगात ऑक्सिजन तोडला की हा दाब मिनिटाभराच्या आतच कोसळायला लागतो आणि त्याबरोबर ऐकण्याची क्षमताही. ऑक्सिजन लवकर परत दिला तर दाब परत वर येतो. उशीर झाला तर हेअर सेल मरतात, त्यातही आधी बाहेरच्या रांगेतल्या, आणि कॉक्लियाच्या सुरुवातीच्या वेटोळ्यातल्या म्हणजे बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या जास्त नाजूक. जन्मतः एका कानात या पेशी साधारण १५ हजार असतात. पक्ष्यांमध्ये मेलेल्या हेअर सेलच्या जागी नव्या येतात. आपल्यात येत नाहीत.

प्रश्न : मिसेस चार दिवसांपूर्वी सकाळी उठली तर उजव्या कानाला दडे बसल्यासारखं, ऐकूच येत नाही म्हणाली. सर्दी होती म्हणून फॅमिली डॉक्टरांनी थेंब दिलेत, आठवडाभर बघू म्हणाले. थांबावं का?

नाही, अजिबात नाही. हा मेल आला त्याच दिवशी त्यांना वेगळं कळवलं, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरणच नव्हतं. पण बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहितो कारण माझ्या मते या अख्ख्या सदरात कामाचं काही असेल तर ते हेच आहे.

एका कानाचं ऐकणं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा जास्तीत जास्त तीन दिवसांत खाली जाणं याला सडन हिअरिंग लॉस म्हणतात. दुखत नाही, कान वाहत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं मळ अडकला असेल, सर्दीने दडे बसले असतील, बघू उद्या. दहातल्या नऊ जणांमध्ये नक्की कारण शेवटपर्यंत सापडत नाही. व्हायरस, त्या बारीक धमनीतला अडथळा, शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटणं, असे संशयित आहेत.

घरी एक गोष्ट करून बघता येते. आत्ता वाचता वाचताच एका कानात बोट घाला आणि तोंड बंद ठेवून 'म्म्म' असा हुंकार काढा. आवाज कुठे मोठा येतोय? बोट घातलेल्या कानात. मळ किंवा सर्दीने कान बंद झाला असेल तर हेच होतं, हुंकार बंद कानात मोठा येतो. पण हुंकार जर चांगल्या कानात सरकला आणि बंद वाटणाऱ्या कानात येतच नाही असं झालं तर बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असण्याची शक्यता जास्त. आम्ही ट्युनिंग फोर्क कपाळावर ठेवून जे विचारतो, "कुठल्या कानात ऐकू येतंय", ते हेच. ही टेस्ट काही शंभर टक्के नाही, पण "त्याच दिवशी ईएनटीकडे जायचं की नाही" एवढं ठरवायला भरपूर आहे.

तिथे ऑडिओग्राम होतो आणि आतल्या कानाचा बिघाड निघाला तर स्टेरॉइड देतात, गोळ्या किंवा पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर फायद्याची शक्यता चांगली, जितके दिवस जातील तितकी ती कमी. डायबिटीस असेल तर आधी सांगा कारण गोळ्यांनी शुगर चढते. आणि हो, सुरुवातीला नॉर्मल वाटलं तरी नंतर एमआरआय टाळू नका, वर सांगितलेली ती गाठ कधीकधी अशीच अचानक कळते.

अजून एक. अचानक ऐकू येईनासं होण्यासोबत जोरात गरगरायला लागलं आणि दोन दोन दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं किंवा बधिर वाटणं, उभंच राहता न येणं यातलं काहीही असेल तर ईएनटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा. वर सांगितलं ना की कानाची धमनी छोट्या मेंदूच्या धमनीचाच फाटा आहे, तो अडथळा जरा मागे असला तर तो कानाचा आजार राहत नाही, स्ट्रोक असतो.

प्रश्न : अचानक ऐकू येईनासं झालं तर हायपरबेरिक ऑक्सिजनचा (जास्त दाबाच्या बंद चेंबरमध्ये ऑक्सिजन देण्याचा) उपयोग होतो का? आणि तो महाग पडत असेल तर घरी ऑक्सिजनचा कॅन किंवा कॉन्सन्ट्रेटर चालेल का? ऑक्सिमीटरवर ९८ येतं.

९८ येतंय म्हणजे तुमचं हिमोग्लोबिन जवळपास भरलेलंच आहे, त्यात अजून ऑक्सिजन कोंबायला जागा नाही. साधारण १०० मिली रक्तात हिमोग्लोबिन २० मिली ऑक्सिजन वाहून नेतं आणि नुसता विरघळलेला असतो तो फक्त ०.३ मिली. घरी कॅन ओढून किंवा नळी लावून या हिशोबात फारसा फरक पडत नाही, कॅन तर दोन चार मिनिटांत संपतो.

चेंबरमध्ये गोष्ट बदलते. तिथे नेहमीच्या दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात आणि विरघळलेला ऑक्सिजन ०.३ वरून अडीच पट दाबाला ५ मिलीच्या वर जातो. कानातल्या पेशींना पाझरूनच ऑक्सिजन मिळतो हे आठवा, म्हणून ही कल्पना तर्काला धरून आहे. पण ती स्टेरॉइडच्या जोडीने आणि पहिल्या दोन आठवड्यांत, किंवा स्टेरॉइडने फरक पडला नाही तर महिन्याभराच्या आत, अशी पर्याय म्हणून सुचवली जाते, स्टेरॉइडऐवजी नाही. एकेक सेशन तास दीड तासाचं, आणि अशी बरीच. सगळ्यात जास्त होणारा त्रास गंमत म्हणजे कानाचाच, दाबाने कान दुखतो, पडद्याला इजा होते. काही जणांची नजर तात्पुरती बदलते. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल तर चेंबरमध्ये जायचंच नाही. आणि जुना, पाच सात वर्षांपूर्वीचा बहिरेपणा किंवा नुसता कान वाजणं यासाठी कुणी चेंबरचं पॅकेज विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा, मेलेल्या पेशीला ऑक्सिजनचं काय करायचंय.

प्रश्न : बीटाहिस्टीन तीन वर्षं घेतोय, सोबत जिंकोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) कॅप्सूल. रक्ताभिसरण वाढतं म्हणतात. बंद केलं तर कान अजून जाईल का?

बीटाहिस्टीन चक्करेसाठी आणि मेनिअरच्या आजारासाठी (आतल्या कानाचा आजार, चक्करेचे झटके, कान वाजणं आणि ऐकू कमी येणं असा) देतात, प्राण्यांमध्ये त्याने कॉक्लियातलं रक्त वाढलेलं दिसलंय हे खरं. माणसात काय होतं? २०१६ मध्ये मेनिअरच्या २२१ पेशंटवर नऊ महिने केलेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, कमी डोस, जास्त डोस आणि नुसती खोटी गोळी असे तीन गट होते आणि झटके तिन्ही गटांत सारखेच कमी झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांचेही! जिंकोचं पण तसंच, २००१ मध्ये हजारावर कान वाजणाऱ्या लोकांवर केलेल्या चाचणीत तो खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

यात मेख अशी आहे की कानाचे बरेच त्रास आपोआप चढउतार होणारे असतात, अचानक गेलेलं ऐकणंसुद्धा बऱ्याच जणांचं थोडंफार स्वतःहून परततं, मग त्या दिवसांत जी गोळी चालू असेल तिला श्रेय मिळून जातं. एकेकाळी तर ऑक्सिजनमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून हुंगायला द्यायचे, रक्तवाहिन्या फुलतात म्हणून. तेही मागे पडलं.

तुमचं ऐकणं या गोळ्या बंद केल्याने जाणार नाही. पण मूळ कशासाठी सुरू केल्या होत्या ते तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच बंद करा, विशेषतः चक्करेसाठी असतील तर. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जिंको घेताय हे त्यांना माहीत असायलाच हवं, दोन्हींनी मिळून रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते.

प्रश्न : रोज कानाची पाळी ओढून, कानामागे मसाज करून कान लाल होतात. म्हणजे आत रक्त वाढलं ना?

पाळीत वाढलं. आत नाही. दोघांच्या धमन्या वेगळ्या आणि मध्ये शरीरातल्या सगळ्यात टणक हाडांपैकी एक हाड. बरं वाटत असेल तर करा, फक्त ऐकण्याशी त्याचा संबंध लावू नका.

प्रश्न : अंथरुणात कूस बदलली की खोली गरगरा फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. मानेचा मणका दबून कानाचं रक्त अडतं म्हणून दोन महिने पट्टा घातलाय. फरक नाही.

फरक पडणार नाही कारण तुमचं वर्णन रक्ताचं वाटतच नाही, सुटलेल्या कणांचं वाटतंय. तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात, ते जागा सोडून अर्धगोल नळीत शिरले की डोकं ठराविक बाजूला वळवल्यावर काही सेकंद सगळं फिरतं, याला बीपीपीव्ही म्हणतात. डॉक्टर तुम्हाला टेबलवर झटकन आडवं करून डोळ्यांची थरथर बघतात, त्यात कुठला कान ते कळतं, आणि मग डोकं एकेका कोनात थोडा थोडा वेळ धरून कण परत जागेवर नेतात, एप्लीची पद्धत. बऱ्याच जणांचं एक दोन बैठकांत काम होतं, गोळीसुद्धा लागत नाही. पट्टा काढून ठेवा असं मी म्हणेन, पण मानेचं काही दुसरं दुखणं नाही ना ते आधी तपासून.

झोपेतून किंवा खुर्चीवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ते मात्र वेगळं, तिथे खोली फिरत नाही. त्यात बीपी क्षणभर पडतं आणि मेंदूला रक्त कमी पडतं, कानाचा तिथे काही दोष नसतो.

प्रश्न : रात्री उजव्या कानात नाडीसारखं धप धप ऐकू येतं.

मनगटावर बोट ठेवून बघा, ठोक्याला ठोका जुळतो का. जुळत असेल तर ही नेहमीची शिटी नाही, हा रक्ताचाच आवाज आहे आणि कान वाजण्याच्या तक्रारींपैकी याचं कारण शोधून सापडण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. ॲनिमिया आणि थायरॉइड वाढलेलं असणं इथून सुरुवात करा, दोन्हींत रक्त जोरात पळतं. बीपी बघा. एकाच कानात सतत येत असेल तर स्कॅन लागतो, शिरा, धमन्या आणि मधला कान बघायला. घाबरून जाऊ नका पण "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडून पण देऊ नका.

प्रश्न : वय ३१, दिवसाला आठ दहा सिगरेटी, ऑफिसात सहा तास हेडफोन. अजून काही त्रास नाही. कानाचं रक्ताभिसरण चांगलं राहावं म्हणून काय घेऊ?

घेऊ नका, सोडा. सिगरेटमधलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. ज्या धमनीला पर्यायच नाही तिच्या बाबतीत तुम्ही दोन्ही बाजूंनी गळचेपी करताय. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका गावाच्या पाहणीत, १९९८ मध्ये ती छापली गेली, सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये ऐकू कमी येण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या सुमारे १.७ पट आढळली होती. डायबिटीसचंही असंच आहे, तिकडच्याच राष्ट्रीय पाहणीत डायबिटीस असणाऱ्यांमध्ये ऐकणं कमी असण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं, तेव्हा घरात शुगर असेल तर तुमचीही वर्षाकाठी बघत जा.

हेडफोनचं म्हणाल तर मोठ्या आवाजात हेअर सेलना जास्त ऑक्सिजन लागतो आणि नेमक्या त्याच वेळी स्ट्रियातल्या केशवाहिन्या आकसतात असं प्राण्यांमध्ये दिसलंय, म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८६ ला दहाच तास, तुमचे ते दोन दिवसांतच संपतात. हल्ली बऱ्याच फोनमध्ये हा हिशोब आपोआप दिसतो, सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघा. आवाज निम्म्याच्या खाली, गोंगाटात बसत असाल तर बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन घ्या म्हणजे व्हॉल्यूम वाढवावाच लागत नाही, आणि एखाद्या कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर कानठळ्या बसून ऐकू मंद येत असेल, शिटी वाजत असेल तर पुढचे दोन दिवस कानाला शांतता द्या, दोन दिवसांनीही तसंच राहिलं तर ऑडिओग्राम करून घ्या.